कोपरगाव ते शिर्डी : मतदाराच्या ओळखीची वाटचाल

दरवर्षी सप्टेंबर महिन्यात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. श्रीरामपूर तालुक्यातील या गावी साऱ्या जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरूनही भाविक लोटतात, आणि यात्रेच्या वाटेवर निरनिराळ्या पक्षांचे स्वागतफलक त्यांची वाट पाहत उभे असतात. फलक लावणाऱ्या पुढाऱ्याच्या लेखी हा सारा जमाव म्हणजे ‘ख्रिस्ती मते’. तोच भाविक यात्रेहून आपल्या गावी परतला की गावकरी त्याला त्याच्या आजोबा-पणजोबांच्या जातीने ओळखतात. आणि तहसील कचेरीतील दाखला त्याच्याविषयी कधीकधी तिसरेच काही सांगतो. मतदानाच्या दिवशी यांपैकी कोणता माणूस केंद्रात शिरतो? समाजाची ओळख मत घडवते, असे आपण सहज म्हणतो. आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहता, ती ओळखच मुळी कायद्याने वेळोवेळी आखली आणि पुसली, असे दिसते.

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. कॅथलिक मिशनचे येशूसंघीय धर्मगुरू त्याच शतकाच्या उत्तरार्धात या भागातील खेड्यांत आले. ख्रिस्तसभेत आलेली बहुसंख्य कुटुंबे महार व मांग समाजांतील होती. त्यांनी श्रद्धा बदलली, पण वस्ती बदलली नाही. प्रार्थनामंदिर उभे राहिले तेही बहुधा गावकुसाबाहेर, जुन्या शेजारातच.

ब्रिटिश अमलात मताचा अधिकार मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांवर मोजला जाई. मुंबई कायदे कौन्सिलने १९२१ मध्ये स्त्रियांवरील बंदी उठवली खरी, पण मालमत्तेची अट तशीच राहिल्याने खेड्यातील बाईला त्याचा लाभ क्वचितच झाला. पुढे १९३५ च्या कायद्याने काही स्त्रियांना पतीच्या पात्रतेवर मत मिळाले. म्हणजे मत तिचे, पण आधार नवऱ्याच्या साऱ्याचा!

याच १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागांची वाटणी केली. सर्वसाधारण ११४ जागांपैकी १५ अस्पृश्यांसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव होत्या. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होते, आणि भारतीय ख्रिस्त्यांसाठी अशा ३ जागा होत्या. पाठोपाठ १९३६ च्या अनुसूचित जातींच्या आदेशात एक छोटेसे वाक्य आले : कोणताही भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९३७ च्या निवडणुकीत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम नगर दक्षिणेतून निवडून आले. पुणे करारानुसार राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच उमेदवारांची प्राथमिक निवड करावयाची होती. एकाच वस्तीत, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन चुलत घरांपैकी एकाला या निवडीत भाग होता, दुसऱ्याला नव्हता. आपल्या इतिहासातील ही फाळणी सहसा कोणी सांगत नाही. ती १९५० ची मानली जाते. वास्तविक ती त्याआधी चौदा वर्षांची आहे.

स्वातंत्र्यानंतर ख्रिस्ती प्रतिनिधींनी घटना समितीत राखीव जागांवरचा हक्क आपण होऊन सोडला. बंगालचे हरेंद्रकुमार मुखर्जी आणि मद्रासचे येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा यांनी मे १९४९ मध्ये या निर्णयाची बाजू मांडली. बहुसंख्याकांवर विश्वास टाकावा, अशी त्यांची भूमिका होती, आणि तिच्यातील उदारता नाकारता येणार नाही. पण त्या त्यागाची झळ मुंबई-मद्रासच्या सुशिक्षित ख्रिस्त्याला जेवढी लागली, तेवढीच राहुरी-नेवाशाच्या शेतमजुराला लागली, असे म्हणवत नाही. त्यानंतर १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म पाळणाऱ्यास अनुसूचित जातीच्या बाहेर ठेवले. (चार शीख जातींचा अपवाद तेवढा होता, सर्व शीख दलितांचा समावेश १९५६ मध्ये झाला.)

धर्मपंथ बदलला म्हणजे जात सुटते काय, हा प्रश्न लवकरच सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तोही आपल्याच मराठी मुलखातून. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज नाकारण्यात आला. ते जन्माने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. न्यायालयाने १९५४ मध्ये तीन गोष्टी तपासल्या : जुना समाज त्यांना आपला मानतो काय, त्यांचा स्वतःचा हेतू काय, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. उत्तर आले, ठवरे महारच आहेत. निवडणूक रद्द झाली. त्यातून झालेल्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर स्वतः डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि पराभूत झाले! त्या तीन कसोट्या नगर जिल्ह्यातील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबास लावल्या, तर निदान पहिल्या कसोटीचे उत्तर गावातील कोणीही देऊ शकेल.

आता कोपरगावकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले, डिसेंबरात आंबेडकर गेले, आणि काही महिन्यांतच १९५७ ची निवडणूक आली. बौद्ध झालेल्यास राखीव जागेचे दार कायद्याने बंद होते. कोपरगावची लोकसभेची जागा सर्वसाधारण होती. तेथून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बापू चंद्रसेन कांबळे निवडून आले. शेजारी नाशिकला, तशाच सर्वसाधारण जागेवर, दादासाहेब गायकवाड विजयी झाले. बागायतदार मराठा शेतकऱ्यांच्या या पट्ट्यात हे घडले, कारण फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते, आणि त्या हंगामात ‘मराठी’ ही ओळख बाकी सर्व ओळखींवर चढून बसली होती. जातीची जाणीव नष्ट झाली होती असे मुळीच नाही. पाणवठे वेगळेच होते. परंतु मत देताना मतदाराने स्वतःला निराळ्या नावाने हाक मारली.

ते फार काळ टिकले नाही. १९६० मध्ये राज्य मिळाले, समितीचे कार्य संपले, आणि १९६२ मध्ये कोपरगावहून काँग्रेसचे अण्णासाहेब शिंदे निवडून गेले. नाशिकला गायकवाडही हरले. पुढची कित्येक दशके जिल्ह्याचे राजकारण सहकारी साखर कारखान्यांभोवती फिरले. ऊस, पाणी आणि सोसायटीचे कर्ज ज्याच्या हाती, त्याच्या शब्दाला मत, असा तो काळ.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये कोपरगावच्या जागी शिर्डी हा लोकसभा मतदारसंघ आला आणि तो अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. श्रीरामपूर विधानसभाही राखीव झाली. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने हा हक्क मिळालेला असल्याने रामदास आठवले शिर्डीतून उभे राहू शकले, आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरे यांनी त्यांचा पराभव केला. सर्वसाधारण जागेवर फेडरेशनचा माणूस निवडून देणाऱ्या मुलखाने राखीव जागेवर त्या चळवळीचा वारसा सांगणारा नेता नाकारला. राखीव जागेवर उमेदवाराची जात ठरलेली असते, त्याला निवडणारे हात ठरलेले नसतात. आंबेडकरांची संयुक्त मतदारसंघाविषयीची जुनी तक्रार हीच होती. सदाशिव लोखंडे २०१४ व २०१९ मध्ये आणि वाकचौरे पुन्हा २०२४ मध्ये निवडून आले. २०२४ च्या लढतीत वंचित बहुजन आघाडीच्या उत्कर्षा रूपवते तिसऱ्या राहिल्या. या जिल्ह्याच्या दोन्ही मतदारसंघांतून एकाही सार्वत्रिक निवडणुकीत स्त्री लोकसभेवर गेलेली नाही, हेही येथेच नोंदवावे. ग्रामपंचायतींत मात्र महाराष्ट्राने २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना घटनेने १८७० मध्ये मत दिले, पण दक्षिणेतील राज्यांत ते प्रत्यक्षात वापरण्यासाठी १९६५ चा कायदा यावा लागला. आपल्याकडे १९५२ मध्ये सर्वांना एकदम मत मिळाले, आणि त्या यादीत धर्माचे रकाने नव्हते. मतदार म्हणून आपण तेव्हापासून पूर्ण आहोत. उमेदवारीचे तसे नाही. आपल्यापैकी कित्येक घरांत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक ओळख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. त्याला लबाडी म्हणणे सोपे आहे. ज्याने मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्याला ते विचारावे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढून टाकावी असे सुचवले. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गांत होते. त्यामुळे हरेगावच्या यात्रेहून परतलेला भाविक आपल्या ग्रामपंचायतीत त्या वर्गाच्या जागेवर उभा राहू शकतो. श्रीरामपूर विधानसभेच्या निवडणुकीत तो रांगेत उभा राहून बोटाला शाई लावून घेतो. यादीतील प्रत्येक उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, आणि त्यांतील एखादा त्याच्याच वस्तीतला, त्याच्याच आडनावाचा, आजोबांच्या पिढीपर्यंत एकाच चुलीवर जेवलेल्या घरातला असू शकतो.