तंबाखू लागते ती कुठे?

आमचे गाव कृष्णाकाठचे, वाळवे तालुक्यातले. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ साली उत्तर-दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. तरी आजोबा अखेरपर्यंत स्वतःला सातारचेच म्हणवीत. त्यांच्या चंचीत चुन्याची डबी आणि घरच्या शेतातली तंबाखू असे. दहिवराने भिजलेली पाने काढून आलेली माणसे कधीकधी ओकत, घेरी येऊन बसत. ‘तंबाखू लागली,’ एवढेच सारे म्हणत. लागली ती कुठे, हे कोणी विचारीत नसे.

हे पान तरी मूळचे आमचे कुठे? ते पोर्तुगीजांनी आणले. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग याला ते आदिलशाही विजापुरात मिळाले आणि त्याने ते बादशहापुढे नेऊन ठेवले. १८२८ साली हायडेलबर्गच्या पॉसेल्ट आणि रायमान यांनी त्यातले सत्त्व वेगळे काढले. तेच निकोटीन.

‘कुठे’चा शोध लावला केंब्रिजच्या लँगलींनी. कोंबडीच्या स्नायूकडे जाणारा मज्जातंतू तोडून त्यांनी तो पुरता निकामी होऊ दिला. तरीही निकोटीन देताच स्नायू आखडला. कुरारे हे विष दिल्यावर मात्र तो परिणाम अडला. म्हणजे निकोटीन लागत होते ते स्नायूलाच. त्या जागेला त्यांनी १९०५ साली ‘ग्राही द्रव्य’ म्हटले. आजच्या रिसेप्टरची कल्पना तिथून वाढली.

अशा जागा मेंदूतही आहेत. त्या तंबाखूसाठी नव्हेत; शरीर स्वतः बनविते त्या ॲसिटिलकोलीनसाठी आहेत. निकोटीन तेथे उपऱ्यासारखे जाऊन बसते. प्रयोगशाळेत त्या जागा चाळविण्यासाठी आजही तेच वापरतात. त्यांचे नावच ‘निकोटिनिक’. १९८० च्या दशकात उंदरांच्या मेंदूत असे आढळले, की निकोटीन रोज मिळत गेले तर या जागा संख्येने वाढतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूंतही मरणोत्तर तपासणीत तेच दिसले.

हे मी वाचले तेव्हा आजोबा हयात नव्हते. त्यांनी तीन वेळा पंढरीला चंची सोडली आणि तीन वेळा ती पुन्हा कमरेला आली. तिसऱ्या खेपेस, कॉलेजात शिकणारा मी, चारचौघांत म्हणालो, “आजोबा, तुमचं मनच खंबीर नाही.”

ते काही बोलले नाहीत. चुन्याच्या डबीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला, आणि मी उठून जाईपर्यंत तो मांडीवर तसाच ठेवला.