रोग्यानें लिहिलेली हकीकत

दूरच्या नामांकित वैद्याकडे आपलें जुनाट दुखणें दाखवावयास निघालेल्या माणसानें बरोबर काय न्यावें? आज या प्रश्नाचें उत्तर आपण चटकन् देऊं : रक्ताचे अहवाल, क्ष-किरणांचीं चित्रें, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या. अडीचशें वर्षांपूर्वीं यांतील बहुतेक कांहींच नव्हतें. त्या काळीं युरोपांतील सुशिक्षित रोगी आपल्या दुखण्याची हकीकत लिहून काढी, आणि पुष्कळदां स्वतः न जातां ती हकीकतच टपालानें पाठवून देई.

एडिंबरोच्या विद्यापीठांत विल्यम कलेन या नांवाचा वैद्यकाचा थोर अध्यापक होऊन गेला. जन्म १७१० चा, मृत्यु १७९० चा. त्याच्याशीं झालेला रोग्यांचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशिअन्सनें जपून ठेविला असून त्यांत ५ हजारांवर पत्रें आहेत. आलेलीं पत्रें तर आहेतच. पण धाडलेल्या उत्तरांच्या नकलाहि आहेत. प्रथम या नकला लेखनिक हातानें करीत. पुढें जेम्स वॅटनें—होय, वाफेच्या यंत्राच्या त्याच वॅटनें—१७८० सालीं नक्कल उठविण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. ताज्या लिहिलेल्या पत्रावर पातळ ओलसर कागद दाबावयाचा, म्हणजे शाई त्यावर उमटे. कलेननें हें यंत्र लागलीच वापरावयास घेतलें.

श्रोतेहो, ज्वरासारख्या वेगाच्या दुखण्यांत या टपालाचा उपयोग तो काय? उत्तर येईपर्यंत रोग्याचा निकाल एकीकडे लागलेला असावयाचा! म्हणून हा मार्ग मुख्यतः रेंगाळणाऱ्या दुखण्यांचा : सांधे धरणें, अन्न न पचणें, मनाची उदासीनता. कधीं रोगी स्वतः लिही, कधीं त्याचा गांवचा वैद्य. वैद्याला रोग्याचें तोंड दिसावयाचें नाहीं, नाडी हातीं लागावयाची नाहीं. जें काय हातीं यावयाचें तें शब्दांतून.

पण दुखणाईत माणसाला आपलें दुखणें नीट सांगतां येतें थोडेंच! जें फार सलतें तें तो तीनदां सांगतो आणि महत्त्वाचें तेंच विसरतो. ही अडचण लोझान येथील वैद्य तिसो यानें ओळखली. १७६१ सालीं त्यानें फ्रेंच भाषेंत सामान्य जनांसाठीं आरोग्यविषयक सूचनांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचीं भाषांतरें युरोपांतील अनेक भाषांत झालीं. वैद्यापासून दूर राहणाऱ्या खेडुतांना तें उपयोगीं पडावें हा हेतु. मात्र खेडुतांना तें वाचून दाखवावयाचें कोणीं, तर गांवच्या धर्मोपदेशकानें, शिक्षकानें किंवा जमीनदारानें. त्यांत त्यानें एक प्रश्नावलि दिली आहे. वैद्याचा सल्ला घेण्यापूर्वीं या प्रश्नांचीं उत्तरें तयार असलींच पाहिजेत, असा त्याचा आग्रह. रोग्याचें वय काय? एरवीं प्रकृति कशी असते? राहणी कशी? दुखणें किती दिवसांचें, आणि आरंभ कसा झाला? दिवसभर स्थिति सारखीच असते कीं बदलते? झोंप, तहान, भूक, शौच, घाम कसे? कोणते उपाय केले आणि त्यांचा परिणाम काय? स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं निराळे प्रश्न. या पुस्तकानें तिसोची कीर्ति सर्वत्र पसरली, आणि त्यालाहि रोग्यांचीं एवढीं पत्रें आलीं कीं हजाराहून अधिक कागद लोझानच्या ग्रंथालयांत आजहि आहेत.

प्रश्न विचारण्याची कला अर्थात् तिसोपेक्षां फार जुनी. एफेससचा रूफस या ग्रीक वैद्यानें इ. स. १०० च्या सुमारास याच विषयावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. वैद्याला विचारण्याची गरजच नाहीं, लक्षणें पाहून सर्व समजतें, असें म्हणणारा एक पक्ष तेव्हांहि होता; रूफसनें तो खोडून काढला. रोगी बोलूं शकत नसेल तर जवळच्यांस विचारावें, असें तो सांगतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेनें रोग जाणण्याचे सहा उपाय मानिले आहेत. पांच ज्ञानेंद्रियें आणि सहावा प्रश्न. आयुर्वेदांतील ‘उपशय’ म्हणजे तरी काय? कशानें बरें वाटलें, याचीच चौकशी. आणि तरीहि कांहीं न बोलतां हात पुढें करून वैद्याची परीक्षा पाहण्याची हौस आपल्या लोकांत फार! जो रोगी असें करितो तो वैद्याचें एक इंद्रियच बांधून ठेवितो, असें मला वाटतें.

योगायोग असा कीं ज्या १७६१ सालीं तिसोची प्रश्नावलि निघाली, त्याच सालीं व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरनें छातीवर बोटांनीं ठोकून रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्याकडे प्रथम फारसें कोणीं पाहिलें नाहीं. १८०८ सालीं कॉर्व्हिसारनें तिचें फ्रेंच भाषांतर केल्यावर ती रुळली. १८१६ सालीं लेनेकनें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून कान दिला, आणि स्टेथॉस्कोपाचा जन्म झाला. आतां वैद्याला रोग्याच्या शब्दांहून आपल्या कानाचा भरंवसा अधिक वाटूं लागला. तें स्वाभाविकहि होतें. क्षयाचा रोगी आपल्या फुप्फुसांत काय चाललें आहे तें कोठून सांगणार? पण टपालाचा वैद्य मात्र यानंतर मागें पडला.

शब्दांची किंमत खरोखर उतरली का? १९७५ सालीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें हॅम्प्टन व त्याचे सहकारी यांनीं नव्यानें तपासावयास आलेले ८० रोगी घेऊन याचा हिशेब मांडला. त्यांपैकीं ६६ जणांत, आधींच्या डॉक्टराचें पत्र वाचून व रोग्याची हकीकत ऐकून केलेलें निदानच अखेरपर्यंत टिकलें. शरीराच्या तपासणीनें निर्णय लागला तो ७ जणांत, आणि प्रयोगशाळेच्या चांचण्यांनीं तितक्याच ७ जणांत.

ऐकून घेण्याची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेंत बेकमन व फ्रँकेल यांनीं ७४ भेटींचीं ध्वनिमुद्रणें तपासून १९८४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. आरंभींचें आपलें सांगणें पुरें करावयास मिळालें असे रोगी त्यांत अवघे १७. बाकीच्यांपैकीं बहुतेकांना डॉक्टरांनीं सरासरी १८ सेकंदांतच मध्यें तोडलें होतें. कलेनच्या रोग्यांना ही धास्ती नव्हती; कागदाला मध्यें कोण तोडणार? आज विशेषज्ञाकडे जाणाऱ्या रोग्यासहि तिसोचे प्रश्न अर्ध्या पानावर उतरून नेतां येतात : दुखणें केव्हां लागलें, कोणत्या वेळीं वाढतें, कशानें उतरतें, कोणतीं औषधें किती दिवस घेतलीं आणि त्यांतलें कोणतें सोसलें नाहीं.