‘हलाल’ आणि मुलाणा : पैठण परिसराच्या संदर्भात एक टिपण

‘हलाल’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. धर्मशास्त्राने विहित ठरविलेले, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र त्याचे क्षेत्र विस्तारले. ‘नमकहलाल’ या शब्दात तो निष्ठेचा वाचक झाला. ‘हलालखोर’ हा शब्द कष्टाची भाकर खाणारा या अर्थावरून झाडूवाल्याचा वाचक ठरला. तर ‘हलाल करणे’ म्हणजे विधिपूर्वक पशूचा गळा कापणे, असा अर्थ रूढ झाला. विहित काय, हा प्रश्न पैठणला नवा नाही. एकनाथांच्या (१५३३–१५९९) ‘हिंदु-तुर्क संवादा’त पशुवधाचा विषयही वादात येतो.

परंतु व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर वादाने नव्हे, तर गावव्यवस्थेने दिले होते. ‘मुलाणा’ अथवा ‘मुलाणी’ हा शब्द ‘मौलाना’ याचे मराठी रूप होय. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात गावच्या बलुत्यांमध्ये मुलाण्याचा विचार आलेला आहे. मशिदीची व्यवस्था पाहणे आणि बकरे कापणे ही त्याची कामे. त्याबद्दल त्याला धान्याचा वाटा मिळे. विशेष हे की, मुलाण्याने कापलेले मांस केवळ मुसलमानच नव्हे, तर अनेक ठिकाणी मराठे-कुणबीही खात. मांसाच्या विहितपणाची ग्वाही अशा रीतीने एका ओळखीच्या माणसाच्या हक्कात आणि जबाबदारीत सामावलेली होती. विक्रेत्यास निराळा कागद दाखविण्याचे कारण नव्हते.

बलुतेपद्धती ओसरली आणि अन्नाविषयीची ग्वाही शासनाकडे आली. तथापि ती निराळ्या अर्थाने. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला. त्याची जागा पुढे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली. २०११ च्या नियमांनी वार्षिक बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्यास शंभर रुपये वार्षिक शुल्कात नोंदणी ठरवून दिली. स्वच्छता, पाणी, साठवण हे या कायद्याचे विषय होत. धर्मविहितता हा नव्हे. हलाल प्रमाणपत्र खाजगी संस्था देतात. त्याचा विस्तार मुख्यतः निर्यातीच्या व कारखानी मालाच्या गरजेतून झाला. मांसाच्या निर्यातीपुरते ते २०२३ मध्ये केंद्र शासनाने भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेशी जोडले. हातगाडीवरील कबाबवाल्याचा या साखळीशी संबंध क्वचितच येतो.

इंडोनेशियाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे २०१४ च्या ३३ व्या कायद्याने प्रमाणपत्र सक्तीचे झाले. अन्नपदार्थांसाठी १७ ऑक्टोबर २०२४ ही मुदत होती. सूक्ष्म व लहान विक्रेत्यांसाठी ती १७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवावी लागली. विक्रेत्याने स्वतः घोषणा करावी आणि साहाय्यकाने ती पडताळावी, अशी सोयही करावी लागली. म्हणजे कागदाची सक्ती केली तरी अखेर माणसाच्या शब्दाकडेच वळावे लागले.

भारतात वाद याच्या उलट दिशेने वाढला. उत्तर प्रदेश शासनाने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी, निर्यात वगळून, हलाल-प्रमाणित मालाच्या उत्पादन व विक्रीस बंदी केली. महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये झटका मांसासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली. एक गाव एका मुलाण्यावर विसंबत असे, तेथे आता मांसाचे दोन प्रकार दोन निरनिराळ्या कागदांनी ओळखले जाऊ लागण्याचा संभव आहे. त्याचा भार पडेल तो लहान विक्रेत्यावर : ज्याचे गिऱ्हाईक आजवर जात न विचारता येत होते, त्याला कोणता कागद लावावा हे ठरवावे लागेल, आणि त्या निवडीबरोबर अर्धे गिऱ्हाईक गमवावे लागेल.

मुलाण्याची व्यवस्था समतेची नव्हती. ती वतनाची होती, आणि तिचे पुनरुज्जीवन इष्टही नाही. तिच्या इतिहासावरून एवढे मात्र दिसून येते की, मराठी मुलखात ‘हलाल’ हा शब्द दीर्घकाळ समाजांना विभागणारा नव्हता, तर एकाच बाजारात दोघांच्या पंगतीची सोय लावणारा होता.