म्हणोन, मजकूर आणि पेस्तरपट्टी

पेशवाईच्या कागदांत ‘प्रांत कल्याण भिवंडी’ हे नाव वारंवार भेटते. गावे दोन, मध्ये उल्हासची खाडी, पण प्रांत एक. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ही दोन्ही ठाणी घेतली, आणि पुढे सुभेदारीच्या व्यवहारात नावे जोडीने चालली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. आधी शिरोरेघ आडवी ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली होता होईल तो हात न उचलता लिहीत जायचे. त्यामुळे ‘कल्याण भिवंडी’ हे एक नाव की दोन, हे कागदावर दिसत नसे. वाचणाऱ्याला ते ठाऊक असावे लागे. हेच नाव आज युनिक्सच्या शेलमध्ये, म्हणजे लिहिलेले हुकूम वाचून चालवणाऱ्या आज्ञावलीत, एखाद्या चलात ठेवले आणि अवतरणचिन्हांशिवाय वापरले, तर शेल मधल्या रिकाम्या जागेवर त्याचे दोन तुकडे करतो आणि एका प्रांताऐवजी दोन गावे पुढे धाडतो. बेल प्रयोगशाळेतल्या स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली बाहेर आला, तेव्हापासून नवशिके या खड्ड्यात पडत आले आहेत. हे साम्य केवळ गमतीचे नाही. लिहिलेल्यातले काय जसेच्या तसे घ्यायचे आणि काय वाचतेवेळी उलगडायचे, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. तो दफ्तराचा प्रश्न आहे, आणि मराठी दफ्तराने त्याला विचारपूर्वक उत्तर दिले होते.

अवतरणापासूनच पाहू. मोडीत अवतरणचिन्ह नव्हते, पण अवतरण होते. हुजुरातून सुटलेल्या आज्ञापत्राची ठेवण ठरलेली असे: अमक्याने हुजूर येऊन विदित केले की, मग त्याची सारी हकिकत, आणि शेवटी ‘म्हणोन’. त्यानंतर ‘त्याजवरून’ किंवा ‘ऐशास’ आले की सरकारचा स्वतःचा शब्द सुरू झाला असे समजायचे. ‘की’ने अवतरण उघडे, ‘म्हणोन’ने मिटे. एका अर्जात जुन्या सनदेचा हवाला असेल तर आत दुसरे ‘म्हणोन’ येई, आणि कारकुनाला आतले आधी मिटवून मग बाहेरचे मिटवावे लागे. ही काटेकोर व्यवस्था हौसेची नव्हती. नमुन्यादाखल समजा, भिवंडीच्या जकातीच्या कमाविसदाराला पत्र गेले आणि त्यात ‘बैलांस अटकाव करू नये’ हे शब्द आहेत. ते ‘म्हणोन’च्या अलीकडे असतील तर ती व्यापाऱ्याची विनंती, पलीकडे असतील तर सरकारची आज्ञा. शब्द तेच, पण जकात बुडते की वसूल होते हे त्या एका ‘म्हणोन’च्या जागेवर ठरते.

आता उलगडा. ‘मजकूर’, ‘सदरहू’, ‘मशारनिल्हे’ हे शब्द आज आपल्याला सरकारी भाषेचे ओझे वाटतात. वास्तविक ती रिकामी भांडी आहेत. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर ज्याचे नाव आले ते गाव. ‘साल मजकूर’ म्हणजे चालू साल. शेलमध्ये डॉलरचे चिन्ह लावून चलाचे नाव लिहितात आणि शेल त्या जागी मूल्य घालतो, तेच काम हे शब्द करीत. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी ‘मजकूर’ आणि ‘सदरहू’ हलले नाहीत. हत्तीखान्याचे नाव बदलता येते. पण हजारो कागदांचे सांधे ज्या शब्दांवर आहेत ते उपटून काढणे अवघड. संक्षेपांचेही तसेच: ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र. साल लिहायचे तर अंकाऐवजी अरबी शब्दांत आणि एकम आधी: ‘इहिदे सबैन मया व अलफ’, म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार. हे झाले सुहूर सन ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो.

या सगळ्याचा कस लागतो तो इनामपत्रात. गाव इनाम देताना लिहीत: कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेपसहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून. यातला ‘कुल’ म्हणजे शेलमधले तारांकनच. त्याच्या टप्प्यात जे जे येईल ते सगळे. ‘खेरीज’ हा त्याला घातलेला बांध. पण खरी करामत ‘पेस्तरपट्टी’त आहे. पेस्तर म्हणजे पुढे येणारी. जी पट्टी अजून बसवलेलीच नाही, जिचे नाव सनद लिहिणाऱ्याला माहीत असणे शक्य नाही, तिच्यासाठी आज जागा राखून ठेवायची. उलगडा व्हायचा तो पुढच्या पिढीत, वसुलीच्या दिवशी. त्याच सनदेत इनामदाराचे नाव, बापाचे नाव, उपनाम, गोत्र, सूत्र मात्र अक्षरशः लिहिलेले. तिथे ‘कुल’ नाही, ‘मजकूर’ नाही. म्हणजे एकाच कागदात दोन जातींचा मजकूर शेजारी शेजारी नांदतो: एक मिटलेला, एक उघडा. शेलमध्ये एकेरी अवतरणात काहीच उलगडत नाही आणि दुहेरीत चलाचे मूल्य उलगडते, हा भेद सनदेच्या कारकुनाला सांगितला असता तर त्याला नवल वाटले नसते. सनदेच्या शेवटी आणखी एक कलम येई: या पत्राची प्रत लिहून घेऊन मूळ पत्र भोगवटियास परतोन देणे, दरसाल ताज्या सनदेचा उजूर न करणे. एकदा लिहिलेले पुनःपुन्हा काढायला लावू नका, इतका तो साधा हुकूम.

यावर पहिला आक्षेप असा की आजचा चष्मा लावून जुने कागद वाचणे ही हौस आहे; लघुलेखन सगळ्याच लिप्यांत असते. संक्षेपापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. ‘रा. रा.’ने काही सिद्ध होत नाही. पण कारकून केवळ हात वाचवण्यासाठी लिहीत असता, तर जिथे लिहिणे वाढते तिथे त्याने मुद्दाम वाढवले नसते. हुंडी पाहावी. रुपये १००, अक्षरी शंभर, निमे पन्नास, त्याची दुप्पट: एकच रक्कम इतक्या वेळा. अंकापुढे शून्य चिकटवणे सोपे; अंक, अक्षर आणि निमे हे तिन्ही जुळवून बिघडवणे कठीण. जिथे उलगड्यात धोका आहे तिथे कागद कुलूपबंद करायचा, ही समज त्यामागे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारकून माणूस होता, त्याला संदर्भ कळे. शेलला काहीच कळत नाही, तेव्हा ही तुलना लंगडी पडते. पण माणसाला कळते म्हणून भांडणे मिटत नसतात, उलट वाढतात. १८५२ चा अकरावा कायदा होऊन इनाम कमिशन मुंबई इलाख्यात चौकशीला बसले, तेव्हा सनद खरी की बनावट एवढाच प्रश्न नव्हता. खरी असली तरी तिचे शब्द कोठवर पोचतात हाही होता. वाचणारा बदलला की उलगडा बदलतो. शेलचा इतिहासही हेच दाखवतो. शब्द कुठे तोडायचे हे ठरवणारे आयएफएस नावाचे चल बाहेरून बदलून जुन्या यंत्रणांत घुसता येत असे, आणि २०१४ च्या सप्टेंबरात उघड झालेल्या शेलशॉक नावाच्या दोषात बॅश हा शेल चलातून आलेला नुसता मजकूर हुकूम समजून चालवीत होता. व्यापाऱ्याच्या अर्जातले शब्द सरकारची आज्ञा म्हणून बजावण्याचाच हा प्रकार. त्यात ‘म्हणोन’ नव्हते.

एकोणिसाव्या शतकात मेजर टॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली, आणि छापील पुस्तकाला त्याचा फायदा झाला यात वाद नाही. जुन्या कागदांची गोष्ट वेगळी. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर काढलेले ४५ खंड असोत की इतरांची साधने, मोडीचे बाळबोध करणाऱ्याला शब्द तोडावेच लागतात, आणि प्रत्येक तोड हा एक निवाडा असतो. ‘कल्याण भिवंडी’त तो जोडरेघ घालतो, स्वल्पविराम घालतो की जागाच सोडतो, यावरून वाचणाऱ्याच्या मनात प्रांत एक राहतो किंवा दोन होतात. लोकसभेच्या २००८ च्या पुनर्रचनेत कल्याण आणि भिवंडी हे दोन वेगळे मतदारसंघ झाले. भिवंडीच्या महानगरपालिकेच्या नावात मात्र दुसरी जोडी आहे, भिवंडी निजामपूर, आणि ती कधी जोडरेघेसह लिहिलेली दिसते, कधी तिच्याशिवाय.