मागील गाडीचा ब्रेक : वऱ्हाडच्या कापूसवाहतुकीतील एक प्रश्न

वऱ्हाडच्या कापूसव्यापाराविषयी जे लेखन झाले आहे, त्यात कापूस कोठे गेला, कोणत्या मार्गाने गेला आणि काय भावाने गेला, याची चर्चा पुष्कळ आढळते. तो वाहून नेणारी गाडी थांबत कशी असे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ओढणारा एक आणि ओझे वाहणारा दुसरा, अशी विभागणी झाली म्हणजे मागच्यास आवरावयाचे कोणी, याचा निर्णय करावाच लागतो. प्रस्तुत टिपणात त्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

लोहमार्ग येण्यापूर्वी वऱ्हाडचा बराचसा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. तेथे हा प्रश्नच नव्हता. बंडीतही ओढणारा प्राणीच थोपविणारा असे. उतार लागला की बैल पाय रोवून ओझ्याचा रेटा मानेवर तोलून धरीत. तो रेटा किती आहे हे त्यांना क्षणोक्षणी जाणवे. ही जाणीव पुढे यंत्रांस फार सायासाने द्यावी लागली.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे इ. स. १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या स्थानकांतून कापूस मुंबईकडे जाऊ लागला. या मार्गावरील खरी कसोटी वऱ्हाडाबाहेर होती. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरणारा थळ घाट १८६५ साली खुला झाला होता व त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र होता. त्या काळी इंजिनचालकाच्या हाती केवळ इंजिनाचा ब्रेक असे. मागील डब्यांस आवरावयाचे तर त्याने शिटी द्यावयाची आणि ठिकठिकाणी बसविलेल्या माणसांनी हाताने चाक फिरवून ब्रेक आवळावयाचे. म्हणून घाटात जादा ब्रेकचे डबे जोडीत. शिवाय आवरेनाशी झालेली गाडी चढावर वळवून थोपविण्यासाठी बाजूस रूळ टाकलेले असत. ही व्यवस्था माणसाच्या कानावर आणि मनगटावर विसंबून होती.

पुढे निर्वात नळीचा ब्रेक आला व सर्व डब्यांचा ब्रेक चालकाच्या हाती गेला. परंतु येथे एक सूक्ष्म भेद आहे आणि सारा इतिहास त्यातच दडलेला आहे. आरंभीच्या साध्या पद्धतीत नळीत निर्वात निर्माण केला म्हणजे ब्रेक लागे. नळी तुटली की मागील डबे निराधार. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे हेच घडले. चढावर अडलेल्या गाडीचे दोन भाग केले, इंजिनापासून सुटलेला मागील भाग घरंगळत गेला आणि सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांस स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. या पद्धतीत निर्वात ब्रेक सोडवून ठेवतो. नळी तुटून हवा आत शिरताच तो आपोआप लागतो. पुढे हिंदुस्थानातील रेल्वेगाड्यांतही हाच ब्रेक दीर्घकाळ रूढ होता.

रुळांवर सुटलेला हा प्रश्न वऱ्हाडच्या सडकेवर मात्र पुन्हा उभा राहिला. बंडीची जागा ट्रॅक्टर-ट्रॉलीने घेतली आणि बहुतेक ट्रॉल्यांस स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टरचे दोन ब्रेक मागील दोन चाकांस वेगवेगळे असतात. शेतात वळण्यासाठी ते सोयीचे, पण सडकेवर दोन्ही पायपट्ट्या जोडून घ्याव्या लागतात. ते विसरून उतारावर एकच दाबला, तर भरलेली ट्रॉली मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. पातूरच्या घाटात काय होईल, हे सांगावयास नको.

अमेरिकेत अशा जोडगाड्यांसाठी विजेचा ब्रेक रूढ आहे. त्याच्या नियंत्रकाची जोडणी चार तारांची असते : एक फ्यूजमधून बॅटरीच्या धन टोकाकडून, दुसरी ऋण टोकाकडे, तिसरी ब्रेकच्या दिव्याच्या स्विचपासून आणि चौथी मागील गाडीकडे. चालकाने ब्रेक दाबताच तिसऱ्या तारेने सूचना मिळते. चांगल्या प्रतीचा नियंत्रक वेग किती झपाट्याने घटत आहे हे जाणून त्या प्रमाणात चौथ्या तारेने प्रवाह सोडतो. मग मागील चाकाच्या ड्रमातील विद्युतचुंबक ब्रेक आवळतो. बैलाच्या मानेस जे कळत असे, तेच हे!

तथापि आर्मा येथील दोष येथेही आहे. तार तुटली की प्रवाह थांबतो आणि ब्रेकही जातो. म्हणून मागील गाडीवर स्वतंत्र छोटी बॅटरी व एक स्विच बसवितात. त्या स्विचची खुंटी दोरीने पुढील गाडीस बांधलेली असते. जोड सुटला की खुंटी उपसली जाऊन ब्रेक लागतो. चार तारा जोडल्या व ही पाचवी गोष्ट राहिली, तर काम अर्धेच झाले असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आपल्याकडे ही पद्धत रुळलेली नाही. कापसाच्या हंगामात अकोट-अमरावतीकडील जिनिंगच्या आवारात ट्रॉली सोडून ट्रॅक्टर पुढे नेण्याआधी कोणीतरी खाली उतरतो आणि ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावतो.