अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे व्हायरस आलाच नव्हता का?

घरातले सगळे पॉझिटिव्ह आणि त्यांच्यातच वावरणारा एक जण शेवटपर्यंत निगेटिव्ह, असा एक तरी माणूस कोविडच्या काळात तुम्ही पाहिला असेल. नंतर केलेली अँटीबॉडी टेस्टही निगेटिव्ह. मग सगळे म्हणतात, "याला झालाच नाही." मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण एका लॉग फाइलमध्ये एन्ट्री नाही म्हणून सर्व्हरवर कोणी आलंच नाही, असं आम्ही म्हणत नाही. दुसरी फाइल उघडून बघतो. इथे ती दुसरी फाइल म्हणजे टी-सेल्स.

अँटीबॉडी ही रक्तात फिरणारी प्रथिनं असतात आणि ती पेशीबाहेरच्या व्हायरसला चिकटतात. व्हायरस एकदा पेशीत शिरला की तिथे त्यांचं फारसं चालत नाही. मात्र आपल्या जवळजवळ सगळ्या पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर मांडत असतात. एचएलए नावाचे रेणू हे काम करतात. किलर टी-सेल्स हे तुकडे तपासत फिरतात आणि व्हायरसचा तुकडा दिसला की ती अख्खी पेशीच मारून टाकतात. हे पुरेसं लवकर झालं तर व्हायरस फार वाढतच नाही, आणि अँटीबॉडी मोजण्याइतक्या तयार होत नाहीत. अशा अर्धवट राहिलेल्या संसर्गाला 'अबॉर्टिव्ह इन्फेक्शन' म्हणतात.

पुरावा काय?

मार्च २०२० मध्ये, म्हणजे लस यायच्या कितीतरी आधी, लंडनमधल्या हॉस्पिटल कर्मचाऱ्यांची दर आठवड्याला तपासणी सुरू झाली. ती १६ आठवडे चालली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या लिओ स्वॅडलिंग आणि माला मैनी यांच्या टीमने त्यातल्या अशा ५८ जणांचं रक्त बारकाईने पाहिलं, ज्यांची पीसीआर आणि अँटीबॉडी दोन्ही कायम निगेटिव्ह होती. साथीच्या आधी जमा केलेल्या नमुन्यांशी तुलना केल्यावर या लोकांमध्ये कोविडच्या व्हायरसला ओळखणाऱ्या टी-सेल्स जास्त आणि जोरदार निघाल्या. शिवाय व्हायरस आल्यावर वाढणारा आयएफआय२७ नावाचा सिग्नलही काहींच्या रक्तात वाढलेला होता. हा अभ्यास नोव्हेंबर २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

मला सगळ्यात भारी वाटला तो पुढचा भाग. या टी-सेल्सचा रोख प्रामुख्याने स्पाइकवर नव्हता. तो होता व्हायरसच्या प्रती काढणाऱ्या यंत्रणेवर, पॉलिमरेज वगैरे प्रथिनांवर. स्पाइक दर व्हेरियंटला बदलतो, ॲपच्या स्क्रीनसारखा. प्रती काढणारा कोड मात्र साध्या सर्दीच्या कोरोनाव्हायरसमध्येही बराचसा तोच असतो. काहींकडे अशा टी-सेल्स कोविडच्या आधीपासूनच होत्या, आणि त्याच नंतर वाढल्या.

मग असा माणूस कायमचा सुरक्षित?

नाही! नैरोबीत सेक्स वर्कर महिलांचा एक गट १९८५ पासून अभ्यासला जातोय. त्यातल्या काही जणी वारंवार एचआयव्हीच्या संपर्कात येऊनही निगेटिव्ह राहिल्या, आणि त्यांच्यात एचआयव्हीला ओळखणाऱ्या टी-सेल्स सापडल्या. पण पुढे त्यातल्या काहींना एचआयव्ही झालाच. काम काही काळ थांबवून परत सुरू करण्याशी त्याचा संबंध दिसला. त्यामुळे "मला तर झालाच नाही" म्हणून लस टाळणं मला अजिबात पटत नाही.

टेस्ट करून बघता येते का?

तत्त्वतः हो. टीबीसाठीची 'टीबी गोल्ड' टेस्ट याच धर्तीवर चालते: ताज्या रक्ताला टीबीच्या जंतूचे तुकडे दाखवायचे, रात्रभर ठेवायचं आणि टी-सेल्सनी सोडलेलं इंटरफेरॉन गॅमा मोजायचं. पण यासाठी पेशी जिवंत लागतात, त्यामुळे हे अँटीबॉडीच्या कार्डासारखं १५ मिनिटांचं काम नाही. आणि कोविडपुरतं बोलायचं तर आता उशीर झालाय. लस आणि नंतरचे संसर्ग, सगळ्यांच्या खुणा रक्तात मिसळल्यात. २०२० मध्ये नेमकं काय झालं होतं, ते आज रक्त काढून वेगळं करता येणं जवळपास अशक्य आहे.