शेणाचें घर, मेणाचें घर

चिऊकाऊची गोष्ट ऐकल्यावांचून महाराष्ट्रांतील मूल सहसा मोठें होत नाहीं. परंतु ती किती जुनी आहे याची कल्पना थोड्यांनाच असते. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं संकलित केलेल्या 'लीळाचरित्रां'त श्रीचक्रधरांच्या तोंडीं ती आली आहे. तेथें चिमणीऐवजीं साळई आहे. शेण आणि मेण मात्र तेंच.

तेव्हांपासून आम्ही या गोष्टींत बोध शोधीत आलों. पाऊस आला, शेण वाहून गेलें, मेण टिकलें, हें मुळांत पदार्थांविषयींचें विधान आहे आणि तें पडताळून पाहतां येतें, हें आमच्या ध्यानींच आलें नाहीं.

गोष्टीस वर्गांत मानाचें स्थान देण्याचें श्रेय गिजुभाई बधेका यांस आहे. १९२० सालीं त्यांनीं भावनगरास बालमंदिर काढलें. पुढें ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बोर्डी-कोसबाडच्या कामांत ताराबाईंनीं पानें, खडे, शिंपले यांसच शिक्षणाचीं साधनें केलें.

परभणीकडे हें वारें पोहोंचणें कठीण होतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामी अमलाखालीं होता. वरच्या वर्गांत विज्ञान उर्दूंतून शिकावें लागे. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उर्दूंत शास्त्रग्रंथ आणण्याचें केलेलें कार्य थोर खरें. पण मराठी मुलाची गोष्ट आजीपाशीं राहिली आणि शास्त्र शाळेंत. दोहोंची गांठ पडावी कशी?

आज ती घालून देण्यास कांहींच अडचण नाहीं. एक घर शेणाचें, एक मेणाचें करावें व दोहोंवर झारीनें पाणी सोडावें. शेण भिजून खचतें. मेणावर थेंब ठरत नाहीं. गोष्ट येथें संपते, प्रयोग संपत नाहीं. दोन्ही घरें नव्यानें करून वैशाखांत तापलेल्या पत्र्यावर ठेवावींत. मेण वितळण्यास साठांहून थोडे अधिक अंश लागतात, परंतु नरम पडण्यास त्याहून पुष्कळ कमी पुरतात. परभणीच्या उन्हांत चिऊबाईची भिंत वांकूं लागते आणि काऊचें घर वाळून घट्ट होतें. चिऊचा कैवार घेणारीं मुलें येथें गोंधळतात, आणि तें इष्टच आहे.

आमच्या मतें खरें महत्त्व तिसऱ्या घरास आहे. पांढरी माती, भुसा आणि शेण कालवून तें करावें. शेजारीं नुसत्या मातीचें एक ठेवावें. शेणांतील तंतू माती धरून ठेवतात, म्हणून वाळतांना तडे कमी जातात. जुन्या माळवदांच्या भिंती अशाच असत, आणि खेड्यांतून अशा घरांत वाढणारीं मुलें आजही आहेत. शेणाचें घर म्हणतांच वर्ग हंसतो, तेव्हां अशा मुलास काय वाटत असेल? पावसाळ्यापूर्वीं आई भिंती कां लिंपते, हा प्रश्न गुरुजींनीं त्यासच विचारावा. वर्गांत त्याचें उत्तर बहुधा एकट्या त्यालाच ठाऊक असतें.